खिडक्यांपलीकडचं अ‍ॅमस्टरडॅम

अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन ज्याने तिथली लाल दिव्यांची वस्ती पाहिली नाही, त्याने अ‍ॅमस्टरडॅम पाहिलंच नाही, असं एका प्रवासप्रेमी वक्त्याने अलीकडे भर सभेत ठासून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. म्हणणं थोडक्यात असं : त्या काचेच्या खिडक्या आणि गांजा विकणारी कॉफीशॉप हाच या मुक्त शहराचा आत्मा, कालवे काय, व्हेनिसलाही आहेत, दीड दिवसात सगळं उरकतं, आणि तिकडे जायला जो नाक मुरडतो तो दांभिक मध्यमवर्गीय.

कालव्यांचं उत्तर एका वाक्यात. सतराव्या शतकात आराखडा काढून खणलेलं आणि 2010 साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं ते कालव्यांचं कडं ज्याला व्हेनिससारखं दिसतं, त्याने दोन्ही शहरं धावत्या बसमधून पाहिली असणार. दीड दिवसात उरकतं ते सहलीचं वेळापत्रक, शहर नव्हे.

पण खिडक्या म्हणजे स्वातंत्र्य, हे मी ऐकून घेणार नाही. आधी गांजा. तो तिथे कायदेशीर आहे, असं हे वक्ते छातीठोकपणे सांगतात. तो कायदेशीर नाही. कॉफीशॉपमधून गिऱ्हाइकाला पाच ग्रॅमपर्यंत विकला, तर सरकार ठरवून काणाडोळा करतं, इतकंच. पुढच्या दाराने विकायची मुभा, आणि मागच्या दाराने तोच माल दुकानात आणणं मात्र गुन्हा. ही कारभाराच्या सोयीची तडजोड आहे. तिला मुक्तीचा जाहीरनामा का म्हणायचं?

आता खिडक्या. कुंटणखान्यांवरची बंदी नेदरलँड्सने 2000 साली उठवली, ती या धंद्यातल्या स्त्रियांना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून. रांगेने फिरणाऱ्या पर्यटकांची करमणूक व्हावी म्हणून नव्हे. संध्याकाळी त्या अरुंद बोळांत काय चालतं ते पाहा. छत्री उंच धरलेल्या मार्गदर्शकामागून पंचवीस-तीस माणसांचा घोळका येतो, खिडकीसमोर थबकतो, फिदीफिदी हसतो. कुणीतरी फोन वर करतो. आतली बाई झटकन पडदा ओढून घेते. घोळका हलेपर्यंत तिचा धंदा बंद. बघे पैसा देणार नाहीत, आणि जो देणारा आहे तो एवढ्या गर्दीतून दार ठोठावणार नाही. याला तिच्या स्वातंत्र्याचा गौरव म्हणतात? नगरपालिकेने 2020 साली खिडक्यांसमोरून गट नेण्यावर बंदी घातली, 2023 साली त्या भागात रस्त्यावर गांजा ओढायलाही मनाई केली. ज्या शहराचा आत्मा म्हणून तुम्ही ही वस्ती दाखवता, ते शहरच सांगतं आहे की घोळके आणू नका.

राहिला दांभिकपणा. आपल्या गावात ज्या वस्तीच्या तोंडाशीही आपण थांबत नाही, तिथे परदेशात बायकामुलांसह गंमत म्हणून जायचं, आणि दांभिक कोण, तर न जाणारा!

‘प्रवासवर्णनात इतिहास कशाला, अनुभव सांगा’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. ते इथे पुन्हा उकरावंच लागतं. याच वस्तीच्या कडेला डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी कचेरी आहे. तिथे आज विद्यापीठाचे वर्ग भरतात. वेंगुर्ल्याला जिच्या वखारीचे अवशेष उभे आहेत, तीच ही कंपनी. त्या दारावरून मराठी गट लाल दिवे शोधत निघून जातात आणि त्यांना कुणी हाक मारून थांबवत नाही. हे माहीत नसताना येणारा अनुभव तो कसला?

स्वातंत्र्यच बघायचं असेल, तर तिथून चालत पाव तासावर पोर्तुगीज सिनेगॉग आहे, 1675 सालचं. आत आजही विजेचे दिवे नाहीत. प्रार्थना मेणबत्त्यांच्या उजेडात होते. बाहेरच्या चौकात एका गोदी कामगाराचा पुतळा आहे : धिप्पाड, बाह्या सरसावलेला, हात रिकामे. फेब्रुवारी 1941मध्ये नाझींनी याच चौकात ज्यू पुरुषांना गोळा करून पकडून नेलं. त्याविरुद्ध 25 फेब्रुवारीला शहरातले ट्रामवाले, सफाई कामगार, गोदीवाले संपावर गेले. नाझींनी तो दोन दिवसांत चिरडला. दरवर्षी त्या तारखेला लोक इथे फुलं वाहतात. आत्मा हा शब्द वापरायचाच असेल, तर तो इथे वापरावा.

आणि मग ‘हेट स्खिप’ बघावं. मध्यवर्ती स्टेशनच्या पश्चिमेला कामगारवस्तीत, 1921 साली पुरी झालेली ही 102 घरांची इमारत. 1901च्या गृहनिर्माण कायद्यामुळे सहकारी संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं, त्यातून अशी घरं उभी राहिली. वास्तुकार मिशेल द क्लेर्क. विटांच्या भिंती लाटेसारख्या वळवल्या आहेत, काही विटा उभ्या, काही आडव्या; वर एक मनोरा, ज्याचा उपयोग काहीच नाही. कामगारांच्या घरांना एवढी कलाकुसर कशाला, असं विचारणारे तेव्हाही होतेच. कोपऱ्यात पोस्ट ऑफिस होतं, तिथे आता संग्रहालय आहे.

गटाला हे रुचणार नाही, असं सहलवाले म्हणतील. का रुचणार नाही? मुंबई-पुण्यात घराच्या हप्त्यांत उमेद घालवलेली माणसंच या सहलींना येतात. घर कुणाला मिळतं, भाडं कोण ठरवतं, यादीत नंबर कधी लागतो, हे प्रश्न त्यांना शिकवावे लागणार नाहीत. अशा घरासाठी अ‍ॅमस्टरडॅममध्ये आज दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं आणि तिथला माणूस त्यावर पोटतिडकीने बोलतो. त्याच्याशी बोलायला सहलीतला एक तास काढा. तो खिडक्यांच्या वाट्याचा तास आहे.