मिस्सा आणि सेवा यांची फारकत नको

‘रविवारची मिस्सा हा निव्वळ विधी आहे, धर्मग्रामाने त्यापेक्षा समाजसेवेकडे लक्ष द्यावे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी केलेले मिस्सेचे वर्णन वाचावे. त्यात ख्रिस्तप्रसाद गैरहजरांच्या घरी पोहोचवला जातो आणि त्याच सभेतल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी व कैद्यांना मदत मिळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तप्रसादाला ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटले. आजही अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घरी नेऊन दिला जातो. ख्रिस्तशरीर स्वीकारूनही उपाशी शेजाऱ्याकडे पाठ फिरवली, तर दोष आपला. मिस्सेला यावे आणि तिथूनच सेवेला निघावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई