उंबरखिंडीनंतर राजापूर

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंडीचे विजयस्मारक उभे आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी तेथे शिवप्रेमी मंडळी जमतात, भगवे झेंडे लागतात, भाषणे होतात. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगली फौज कुरवंडे घाटाने खाली उतरली, या खिंडीत कोंडली गेली आणि सारे सामानसुमान मागे टाकून जीव घेऊन परतली. हा इतिहास कर्जत-खालापूरच्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. त्याच्या पुढचे पान मात्र व्यासपीठावरून क्वचितच वाचले जाते. उंबरखिंडीनंतर शिवाजी महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि मार्च महिन्यात त्यांनी राजापूरच्या इंग्रजांची वखार लुटून तेथील प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी यांना कैद केले. या पुढच्या पानाकडे आज वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अवश्य वाटते.

राजापूरच्या इंग्रजांचा अपराध काय होता? आदल्या वर्षी, १६६० मध्ये, सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला असता रेव्हिंग्टन तोफ व गोळे घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण फडकावून त्याने गडावर मारा केला. इंग्रजांचे स्वराज्याशी वैर नव्हते. विजापूरकरांची मर्जी संपादावी आणि आपला माल खपवावा, एवढाच त्यांचा हेतू. पण मराठ्यांच्या राज्याने हा हेतू पाहिला नाही, गोळा कोठे पडला ते पाहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कैदेत पडलेल्या या व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणी केली तेव्हा खुद्द सुरतेच्या इंग्रज वरिष्ठांनी १६६२ मध्ये त्यांना खरमरीत उत्तर पाठविले. तुम्ही कंपनीच्या मालाच्या रक्षणासाठी कैदेत पडला नाहीत, आपले निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकलेत म्हणून पडलात, असा त्याचा आशय होता. अपराध्यांची सुटका व्हावयास १६६३ साल उजाडले.

यावरून शस्त्रांचा व्यापार सर्वथा त्याज्य आहे, असा अर्थ कोणी काढू नये. स्वराज्यालाही फिरंग्यांकडून तोफा घ्याव्या लागतच. १९६२ मध्ये चिनी आक्रमणाच्या वेळी अपुऱ्या शस्त्रांनिशी हिमालयात उभे राहण्याची पाळी आमच्या जवानांवर आली, तो अनुभवही हा देश विसरलेला नाही. शस्त्रे हवीत, ती स्वतःची हवीत, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रश्न आहे तो आपण विकतो त्या शस्त्रांचा.

या प्रश्नाशी कर्जत-खालापूरचा संबंध केवळ इतिहासापुरता नाही. कर्जतहून मुंबईकडे निघालेली गाडी अंबरनाथच्या आयुधनिर्माणीच्या गावावरून जाते. घाट चढून पुण्याकडे गेलेली गाडी देहूरोड आणि खडकी गाठते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. हे कारखाने दीर्घकाळ सरकारी खात्याचे होते आणि आपल्या सेनादलांची गरज भागविणे हे त्यांचे मुख्य काम होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी ‘म्युनिशन्स इंडिया’ पुण्यात आहे. खाते गरज पाहते, कंपनीला ताळेबंद पाहावा लागतो. हा फरक किरकोळ नव्हे.

ताळेबंद तर झपाट्याने वाढत आहे. २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षणसामग्रीची निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती; २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली; २०२९ पर्यंत ती ५०,००० कोटींवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. या आकड्यांचा आम्हांला अभिमान वाटतो, पण तो निर्वेध वाटत नाही. कारण रुपयांचा आकडा जितक्या हौसेने सांगितला जातो तितक्या हौसेने कोणत्या देशाला कोणता माल गेला, हे सांगितले जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने असे वृत्त दिले की, युरोपीय ग्राहकांना विकलेले भारतीय तोफगोळे पुढे युक्रेनला पोचले. परराष्ट्र खात्याने ते वृत्त तर्कावर आधारलेले व दिशाभूल करणारे ठरविले. त्याच महिन्यात इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. परराष्ट्रव्यवहार हे न्यायालयाचे क्षेत्र नव्हे, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे आम्ही मान्य करू. पण मग ते क्षेत्र ज्यांचे आहे, त्या संसदेने तरी कधी या विषयावर पोटतिडकीने बोलावे की नाही?

आमच्या सार्वजनिक जीवनाची एक खोड येथे उघड होते. शस्त्रव्यवहार म्हटला की आम्हांला दलाली तेवढी आठवते. १९८६ च्या करारातील बोफोर्स तोफांवरून या देशात सरकारे हादरली. त्याच बोफोर्स कंपनीवरून त्याच दशकात स्वीडनमध्येही वादळ उठले होते, पण तेथील प्रश्न निराळा होता. कंपनीची क्षेपणास्त्रे सिंगापूरच्या नावाने निघून प्रत्यक्षात निषिद्ध अशा आखाती देशांत पोचल्याचे उघड झाले; कंपनीतच काम केलेला इंगवार ब्रॅट हा अभियंता त्याविरुद्ध पुढे आला. पैसा कोणी खाल्ला, हे आम्ही विचारले. माल कोठे गेला, हे स्वीडिश नागरिकांनी विचारले. आम्ही तेव्हा ग्राहक होतो, म्हणून आमचा प्रश्न एका परीने स्वाभाविक होता. आता आम्ही दुकान मांडून बसलो आहोत.

आणि या दुकानातील मालाची किंमत परदेशातलेच मोजतात असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगाव येथे स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार, आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत ८ कामगार स्फोटात बळी पडले. आपल्या हातचा गोळा कोणावर पडणार आहे, हे जाणण्याचा अधिकार या माणसांना होता, असे आम्हांला वाटते.

शस्त्रव्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत संमत झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. विकणाऱ्यांच्या हाती जास्त सत्ता आणि घेणाऱ्यांच्या गळ्यात दोरी, अशी त्याची रचना आहे, हा आपला आक्षेप होता. जगातला सर्वांत मोठा आयातदार असताना तो आक्षेप शोभतही होता. परंतु वंशसंहारासाठी किंवा नागरिकांवरील हल्ल्यांसाठी शस्त्र वापरले जाणार हे ठाऊक असेल तर ते देऊ नये, हे त्या करारातले बंधन विकणाऱ्यावर आहे. ते स्वीकारण्यात विक्रेत्या भारताला कोणती अडचण? गिऱ्हाइकाने सही केलेला अंतिम वापराचा दाखला आमच्या कार्यालयात असतो, असे उत्तर दिले जाईल. दाखला कागदाचा असतो; तोफगोळा दुसऱ्या जहाजावर चढविताना तो कोणी दाखवीत बसत नाही. माल पोचल्यानंतर प्रत्यक्ष जाऊन तपासणी होते काय, झाली असल्यास काय आढळले, हे लोकांना कळले पाहिजे.

सरकारच्या अडचणी आम्ही जाणतो. मित्रराष्ट्रांची गुपिते असतात, शेजारी शत्रू असतात. पण दरवर्षी कोणत्या देशाला कोणत्या प्रकारची सामग्री विकण्यास परवाने दिले आणि कोणते नाकारले, याचे निवेदन सभागृहापुढे ठेवण्याने राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येते, हे आम्हांला पटत नाही. शस्त्रे विकणारे अनेक युरोपीय देश अशी निवेदने वर्षानुवर्षे प्रसिद्ध करीत आले आहेत आणि त्यांची राज्ये काही बुडालेली नाहीत.

कर्जत आणि खालापूर हे तालुके मावळ लोकसभा मतदारसंघात येतात. देहूरोडही त्याच मतदारसंघात आहे. म्हणजे उंबरखिंडीचे स्मारक आणि दारूगोळा करणारे कामगार यांचा लोकसभेतील प्रतिनिधी एकच. विजयदिनाच्या व्यासपीठावर त्या प्रतिनिधीला सन्मानाने बोलवावे, हार घालावा, आणि देहूरोड-खडकीचे गोळे गेल्या वर्षी कोणत्या बंदरांत उतरले, हे लोकसभेत विचारून पुढच्या फेब्रुवारीला येताना त्याचे उत्तर घेऊन यावे, असे चारचौघांत सांगावे.