श्रेणीवरून नंबर काढता येतो का?



दुसरं सत्र संपतं, प्रगतिपुस्तक वाटलं जातं आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक शाळेत एक प्रश्न हमखास येतो. "गुर्जी, ते सगळं ठीक हाय, पण आमच्या बाबूचा नंबर कितवा आला जी?" प्रगतिपुस्तकात अ-२ लिहिलेलं असतं, खाली वर्णनात्मक नोंदीही असतात. त्या वाचायला कोणाला सवड नसते. मग काही पालक घरीच हिशोब मांडतात. शेजारच्या पोरीला तीन अ-१, आपल्या पोराला एकही नाही, म्हणजे आपला मागे. आणि त्या हिशोबावर पोराला बोलणी बसतात.

माझं मत आधीच सांगतो. श्रेणीवरून नंबरचा अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी लागणारी माहिती प्रगतिपुस्तकात नसते. आणि प्राथमिक शाळेत तो अंदाज बांधूनही हाती काही लागत नाही. या दोन्ही गोष्टी पालकांना आकडे मांडून दाखवल्या पाहिजेत. "शासनानं नंबर बंद केले" एवढ्या उत्तरानं कोणाचं समाधान होत नाही.

श्रेणी काय सांगते?

शिक्षण हक्क कायदा २००९ नंतर आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, अशी ही उतरंड आपल्याला पाठ आहे. इथं मुलाची तुलना ठरलेल्या गुणांशी होते, दुसऱ्या मुलाशी नाही. वर्गातल्या सगळ्यांना अ-१ मिळू शकते आणि एकालाही न मिळणंही शक्य आहे.

आता उदाहरण घेऊ. चौथीच्या एका मुलीला मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास या चारही विषयांत ९०-९० गुण आहेत. एकूण ३६०. चारही अ-२. दुसऱ्या मुलाला तीन विषयांत ९१ आणि चौथ्यात ७५. एकूण ३४८. त्याच्या पुस्तकात तीन अ-१ आणि एक ब-१. तिसऱ्या मुलाला चारही विषयांत ८१. एकूण ३२४. त्याच्याही चारही अ-२.

म्हणजे एकही अ-१ नसलेली मुलगी तीन अ-१ वाल्या मुलाच्या पुढे आहे. आणि पहिल्या व तिसऱ्याचं प्रगतिपुस्तक तंतोतंत सारखं दिसतं, पण दोघांत ३६ गुणांचा फरक आहे. शेजारच्या पोरीच्या अ-१ मोजणाऱ्या पालकांना हे एकदा कागदावर करून दाखवा. बरीच भांडणं तिथंच मिटतील.

मग नंबरचा अंदाज कसा बांधतात?

त्यासाठी वर्गात कोणती श्रेणी किती जणांना मिळाली, हे माहीत लागतं. रीत अगदी सोपी आहे. आपल्या वरच्या श्रेणीत जितकी मुलं, त्यात एक मिळवा. हा झाला सगळ्यात चांगला नंबर. वरची मुलं आणि आपल्या श्रेणीतली मुलं, आपल्यासकट, यांची बेरीज करा. हा झाला सगळ्यात मागचा नंबर. खरा नंबर या दोघांच्या मध्ये कुठंतरी असतो.

२४ मुलांचा वर्ग घेऊ. गणितात ३ जणांना अ-१ आणि ६ जणांना अ-२ असेल, तर अ-२ वाल्या मुलाचा नंबर ४ ते ९ मध्ये येईल. दुसऱ्या शाळेत २४ पैकी १२ जणांना अ-१ आणि ८ जणांना अ-२ असेल, तर त्याच अ-२ चा नंबर १३ ते २० मध्ये जाईल. श्रेणी तीच, गुणही कदाचित तेच, आणि एका ठिकाणी पोरगा हुशार तर दुसऱ्या ठिकाणी मागे पडलेला ठरला.

काही ठिकाणी मात्र श्रेणीच नंबरावरून ठरवतात. सीबीएसई बोर्डात विषयात पास झालेल्या मुलांचे क्रमानं आठ सारखे गट करतात आणि पहिल्या गटाला 'ए-१' देतात. तिथं 'ए-१' म्हणजे पास झालेल्यांतला वरचा आठवा हिस्सा. आपल्या अ-१ शी त्याचं नाव जुळतं, अर्थ जुळत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच लॉ कॉलेजांत तर वर्गाची सरासरी श्रेणी साधारण किती असावी हे आधीच ठरलेलं असतं आणि प्राध्यापकांना त्याच वक्रात गुण बसवावे लागतात. सरासरी माहीत असल्यामुळे तिथली मुलं आपल्या श्रेणीवरून वर्गातल्या क्रमाचा अंदाज काढतात. मोठ्या वकिली कंपन्या नोकरी देताना तो क्रम बघतात, म्हणून तिथं त्या अंदाजाला किंमत आहे.

आपल्याकडेही मुलं मोठी झाली की हे गणित समोर येतंच. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ गुण नाहीत. त्या सत्रात बसलेल्या दर १०० मुलांपैकी साधारण ८ जण पुढे आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणजे १ लाख मुलं बसली असतील तर ८ हजारांच्या आसपास पुढे. ९२ ऐकून पेढे वाटायला निघालेल्या घराला हा आकडा आधी माहीत असला तर कॉलेजची निवड शहाणपणानं होते.

आपल्या वर्गात हे का चालत नाही?

डी.एड.ला मूल्यमापन शिकताना घंटेच्या आकाराचा वक्र आपण सगळ्यांनीच वहीत काढला आहे. मधे गर्दी, दोन्ही टोकांना थोडे. हा वक्र मोठ्या संख्येला लागू पडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका वर्गात ११ मुलं असतात, कुठं त्याहून कमी. ११ जणांचा वक्र बनत नाही. सगळ्यांना ८० च्या वर गुण मिळाले तर ८२ वालीचा नंबर अकरावा येतो. घरी जाऊन ती "शेवटून पहिली" ठरणार. तिला काय येत नाही, हे मात्र त्या अकरा आकड्यातून कोणालाच कळणार नाही.

दुसरी अडचण आपल्याच हातातली आहे. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय. हे गुण वर्गशिक्षकच देतात आणि ते मुलाला शिकवायला मदत व्हावी म्हणून दिलेले असतात. एका गुर्जींचा हात सढळ, दुसऱ्या मॅडमचा जरा आखडता. अशा गुणांवरून पहिला-दुसरा ठरवणं म्हणजे दोन वेगळ्या काट्यांवर धान तोलून भाव ठरवण्यासारखं आहे.

२०२१ साल आठवा. कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असं करून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि ९५७ मुलांना १०० टक्के मिळाले. या ९५७ जणांत पहिलं कोण? उत्तरच नाही. अकरावी प्रवेशासाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं होतं आणि तीही मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. शाळेनं दिलेल्या गुणांवरून मुलांची रांग लावायला गेलं की काय होतं, ते तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं.

"पण त्या शाळेत तर नंबर देतात"

हा मुद्दा टाळून चालणार नाही. काही शाळा आजही प्रगतिपुस्तकावर नंबर टाकतात आणि पालकांना ते आवडतं. आपली पटसंख्या आधीच कमी. "तुम्ही नंबर देत नाही, मग पोरगं तिकडं टाकतो" असं कोणी म्हटलं की आपल्याही मनात येतं, देऊन टाकावा एक नंबर तोंडी. मित्रांनो, तसं करू नका. नंबर दिला की एक घर खूश होतं आणि बाकीची दहा घरं नाराज होतात. पट त्यानंही टिकत नाही.

काही पालकांचं म्हणणं खरंही असतं. त्यांना नवोदयचा विचार करायचा असतो आणि पोरगं टिकेल का हे बघायचं असतं. त्यांना स्पष्ट सांगा की त्यासाठी वर्गातला नंबर कामाचा नाही. नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि स्पर्धा तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांतल्या मुलांशी असते. ११ जणांत पहिला आलेला तिथं कुठं उभा राहील, हे वर्ग सांगू शकत नाही. जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घेतली तर थोडाफार अंदाज येतो.

पालक सभेत काय करता येईल?

पहिलं, वर सांगितलेलं तीन मुलांचं उदाहरण फळ्यावर मांडा. नावं न घेता. पाच मिनिटं पुरतात.

दुसरं, "कितवा आला?" याऐवजी पालकांनी विचारावेत असे तीन प्रश्न त्यांना लिहून द्या. माझ्या मुलाला मागच्या सत्रात न येणारं आता काय येतं? अजून काय अडतं? घरी मी काय करू?

तिसरं, आणि हे आपल्यासाठी. या तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या नोंदीत असली पाहिजेत. "अभ्यासात प्रगती चांगली आहे" हे वाक्य सगळ्यांच्याच पुस्तकात लिहिलं, तर पालक नंबरच मागणार, त्यांचं काय चुकलं? त्याऐवजी "हातच्याची वजाबाकी येते, भागाकारात बाकी लिहायला विसरतो" असं लिहा. हे वाचून धानाच्या बांधीवर राबून आलेली आईसुद्धा रात्री पोराला दोन भागाकार करायला बसवू शकते. चौथा नंबर आला हे कळून तिला काय करता येणार?

यंदाच्या पालक सभेत एकदा हे करून पाहा. आणि पालकहो, प्रगतिपुस्तक हातात आलं की श्रेणीच्या आधी खालची नोंद वाचा. ती मोघम वाटली तर गुर्जींना, मॅडमना थांबवून विचारा. तो तुमचा हक्क आहे.