लिटरमागे किती रुपये?

पाण्याच्या बैठकांत हल्ली शहाणी माणसे एक हिशेब मांडतात. एक लिटर पाणी कारखान्याला दिले तर त्यातून अमुक रुपये निघतात. तेच शेतात सोडले तर कितीतरी पटीने कमी निघतात. मग पाणी कारखान्यालाच द्यावे, हे उघड नाही का? हिशेबाला आमची ना नाही. जिरायत शेतकऱ्याइतका पाण्याचा थेंब मोजणारा दुसरा कोण आहे? पण तराजू कुणाच्या हाती आहे, ते आधी पाहू.

देवळाली प्रवरा परिसराचेच घ्या. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. पाट जिथवर पोचत नाही तिथली ज्वारी-कपाशी आजही आभाळाकडे पाहते. पाटपाण्यावरच्या एकर उसाला वर्षाकाठी सुमारे १ कोटी लिटर पाणी लागते. ज्वारी पोटरीत असताना तीन इंचाचे एक पाणी द्यायला एकरी ३ लाख लिटर पुरतात. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात तीस-बत्तीस एकर ज्वारीची एकेक पाळी होते. हातचे जाणारे पीक त्या एका पाळीने वाचते. लिटरमागचा हिशेब करायचा तर इथून करा.

उसवाल्यावर आमचा राग नाही. तोही आमचाच भाऊ आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले जात नाही हे खरे, पण ज्वारीला तेवढेही नाही. ज्या पिकाला भाव, त्या पिकाकडे पाणी धावते. दोष उसाचा नाही, धोरणाचा आहे.

आता कारखान्यांचे. प्रवरेचे पाणी पुढे जायकवाडीत जाते. तिथून संभाजीनगरच्या माणसांची तहान भागते, मराठवाड्याची शेती भिजते आणि औद्योगिक वसाहतीही चालतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात बिअर आणि दारूच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांनी तोडण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. सरकारच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. तो फिरवायला २०११ साल उजाडले.

कारखाने बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शेतीच्या मानाने पाणी थोडे लागते आणि आमचीच पोरे तिथे कामाला आहेत. पण लिटरमागे त्यांचे रुपये जास्त का दिसतात? बाटलीचा भाव मालक ठरवतो. कापसाचा भाव वाढू लागला की सरकार आडवे येते. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, ११ टक्के आयात शुल्क माफ केले. भाव पाडायचा आणि मग म्हणायचे की शेतातले पाणी वाया जाते! पाणी वाया जात नाही, पाण्याचा मोबदला लुटला जातो. एका हाताने तराजूचे पारडे दाबून दुसऱ्या हाताने वजन लिहिण्यातला हा प्रकार आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. पाणी घनमीटरवर मोजून द्या. पिण्याचे पाणी राखल्यावर पहिला हक्क प्रत्येक जिरायत एकराला एका संरक्षक पाळीचा असू द्या. मग उसाचे, मग उद्योगाचे. उद्योगांनी पुरती किंमत मोजावी आणि वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे. कापूस-ज्वारीचा बाजार मोकळा ठेवा. एवढे झाल्यावर लिटरमागचा हिशेब खुशाल मांडा. त्यात आम्ही हरलो तर तक्रार करणार नाही.

आपल्या हातचे कामही आपण करायला हवे. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने पाऊस मोजून गावाचे पाण्याचे अंदाजपत्रक मांडले आणि उसाला मनाई केली. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीवर नव्हे, माणशी पाणी वाटले. भूमिहीनालाही वाटा दिला. हे करायला कुणी मंत्री लागला नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. आपले एकर किती, यंदा किती पाळ्या मिळाल्या, पीक किती क्विंटल झाले, काय भावाने गेले, एवढे त्यावर लिहावे. शहाण्यांच्या हिशेबाला आपल्या हिशेबानेच उत्तर देऊ.