निकालाचा उतारा आणि महाविद्यालयाचे अनुदान

पलूसहून एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले आहे. घरची ऊसशेती, थोडी द्राक्षबाग, दोघे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास, आणि धाकट्या नातीला पदवीसाठी जवळ ठेवावे की दूर धाडावे ह्या प्रश्नावर घरात दोन पक्ष. जवळच्या महाविद्यालयाची श्रेणी ‘ब’ आहे, पुण्याच्या महाविद्यालयाच्या जाहिरातीत ‘अ’पुढे दोन अधिकचिन्हे झळकतात. त्या निमित्ताने त्यांनी आम्हांस विचारले आहे ते असे, की आमच्या उसाचा भाव सरकार साखरेच्या उताऱ्यावर ठरविते. ज्या कारखान्याचा उतारा चांगला, त्याच्या उसाला दर अधिक. मग महाविद्यालयांचे अनुदान निकालाच्या उताऱ्यावर का ठरवू नये? जेथे काही पिकत नाही तेथे लोकांचा पैसा का ओतावा?

प्रश्न रास्त आहे. जेथे लोकांचा पैसा खर्च होतो तेथे हिशेब मागण्याचा लोकांना हक्कच आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची जीर्ण वही उघडून तीच टिपणे सांगणाऱ्या प्राध्यापकांची वकिली करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु उताऱ्याची ही उपमा दिसते तितकी निरुपद्रवी नाही. तिजकडे वळण्यापूर्वी आजची व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे.

अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे वेतन महाराष्ट्र सरकार देते. ते निकालाशी बांधलेले नाही. बांधला जातो तो वरचा पैसा, म्हणजे इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, संशोधन यांसाठी मिळणारा. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापिली. लोक तिला ‘नॅक’ म्हणतात. सात निकषांवर गुण देऊन चारांच्या पट्टीवर ती सरासरी काढते, ३.५१ व त्यावर असेल तर अ++, २.०१ ते २.५० असेल तर ब. पुढे २०१३ साली ‘रुसा’ ही केंद्राची योजना आली. राज्यांच्या विद्यापीठांना व महाविद्यालयांना द्यावयाचा निधी ठरावीक अटी व प्रत्यक्ष फलित पाहून द्यावा, हे तिचे तत्त्व. तिचाच पुढचा अवतार ‘पीएम-उषा’. २०२३-२४ ते २०२५-२६ ह्या तीन वर्षांसाठी तिला सुमारे १२,९२६ कोटी रुपये मंजूर झाले. त्यात ३५ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी, तर निवडलेल्या महाविद्यालयांना प्रत्येकी ५ कोटींपर्यंत. ह्या दारांची किल्ली बहुतांशी श्रेणीच होय. श्रेणींची उतरंड मोडून केवळ ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढेच सांगण्याचा बेत परिषदेने २०२४ साली जाहीर केला, तो वेगळा.

हे सारे नवीन आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या इलाख्याने हा प्रयोग एकदा करून पाहिला आहे.

१८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो ह्या मंत्र्याने प्राथमिक शाळांसाठी नवा कायदेसंग्रह आणला. वर्षातून एकदा तपासनीस यावयाचा, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणित ह्यांत परीक्षा घ्यावयाचा, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेची रक्कम ठरावयाची. परिणाम काय झाला? भूगोल, इतिहास मागे पडले, कारण त्यांवर पैसा नव्हता. मुलांनी वाचनाचे पुस्तक असे घोकले की ते उलटे धरले तरी वाचन अस्खलित चाले, अशी हकीकत सांगतात. सुप्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. शिकविणे यांत्रिक झाले, अशी तक्रार त्यांनी आपल्या अहवालांतून केली. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडाने ही पद्धत मोडीत काढली. मात्र मधल्या काळात ती जहाजात बसून मुंबईस पोहोचली होती. सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षणखात्याचे प्रमुख असताना ती येथे रुजली, आणि खासगी शाळांना निकालाप्रमाणे अनुदान मिळू लागले.

मग १८८२ साली हंटर आयोग बसला. त्याच्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा अभ्यास शाळाखात्यातील प्रत्येक अधिकाऱ्याने आजही करावा. प्राथमिक शिक्षणाची त्यांची मागणी सर्वांस ठाऊक आहे. निकालावर पैसे देण्याविषयी ते काय म्हणाले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या लोकांत विद्येची गोडी अद्याप उत्पन्नच झालेली नाही, त्यांच्यात शिक्षण पसरविण्यास ही पद्धत उपयोगी नाही. अशा वस्तीत आपल्या जोखमीवर शाळा उघडण्यास कोणी शिक्षक धजणार नाही, कारण तीवर त्याचे पोट भरणार नाही. तेथे सरकारी शाळाच हव्या आणि खास उत्तेजनही हवे.

वाचकहो, येथे आपण आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. ज्या घरांत तीन-चार पिढ्या पोथी, दप्तर, हिशेब चालत आले, त्या घरांतील मुलगा शाळेत जाण्यापूर्वीच निम्मा उत्तीर्ण झालेला असे. आजोबा ओसरीवर बसून पाढे म्हणवून घेत, आई परवचा म्हणवी, आणि ह्या बिनपगारी शिकवणीचे अनुदान शाळा सरकारातून उचलीत असे. आमच्या मते निकालावरील पैशाचा मूळ दोष हाच. शाळेने मुलास काय दिले हे तो मोजीत नाही. मुलगा घरून काय घेऊन आला हेच तो मुख्यत्वे मोजतो. जोतीरावांनी ते ओळखले ह्यात नवल नाही. जो पंगतीबाहेर उभा असतो त्यालाच पंगतीत कोणाला किती वाढले ते नीट दिसते.

हंटर आयोगाने महाविद्यालयांपुरती जी शिफारस केली, ती तर आजही जशीच्या तशी उचलावी अशी आहे. महाविद्यालयाचे साहाय्य ठरविताना अध्यापकवर्गाचे बळ, संस्थेचा खर्च, तिची कार्यक्षमता आणि त्या प्रदेशाची गरज, ह्या चार गोष्टी पाहाव्या, असे आयोगाने सांगितले. कार्यक्षमता त्यात आहे, पण ती चारांतील एक. आणि अध्यापकवर्ग पहिला. शाळांतून मात्र निकालाची पद्धत पुढेही बरीच वर्षे रेंगाळली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गेली.

परदेशांनी अलीकडे हाच पाढा पुन्हा गिरविला आहे. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७९ साली विद्यापीठांच्या अनुदानाचा काही भाग फलितावर बांधला, आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. अभ्यासकांना आढळले ते असे, की पदवी पूर्ण करणारांची संख्या फारशी हलली नाही. वाढली ती अल्पमुदतीची प्रमाणपत्रे, आणि कित्येक ठिकाणी प्रवेशाची चाळणी बारीक झाली. ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांच्या संख्येवर पैसा मिळू लागताच निबंध उदंड झाले, पण वाढ मुख्यत्वे कमी वजनाच्या नियतकालिकांत. आपल्याकडे २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत आली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेवच फुटले. अखेर मे २०१८ मध्ये अनुदान आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात वगळावी लागली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून खुद्द नॅकच्या तपासणी समितीतील मंडळींना अटक केली. एका अक्षरावर एवढा पैसा व एवढी अब्रू टांगली, की ते अक्षर विकत घेणारा आणि विकणारा दोघेही भेटतात.

लाचेची गोष्ट तरी अपवादाची म्हणू. रोजची हानी वेगळीच आहे. आमच्या नात्यातील एक प्राध्यापिका एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवितात. समिती यावयाच्या वर्षी त्यांचा दिवस कसा जातो, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखे असते. वृक्षारोपण झाले, तर त्याचे स्थळकाळाची मोहोर उमटलेले छायाचित्र हवे. व्याख्यान झाले, तर हजेरीपट, निमंत्रणपत्रिका, अहवाल आणि पुन्हा छायाचित्र. मुलाला निबंध सुधारून परत दिला, त्याचे छायाचित्र निघत नाही. म्हणून निबंध मागे राहतो.

आता उताऱ्याकडे येऊ. उसाचा उतारा त्याच्या जातीवर, पक्वतेवर, आणि तोडल्यावर किती तासांत गाळपास गेला त्यावर ठरतो, हे पलूसच्या शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. कारखान्यास उतारा वाढवावयाचा झाला तर तो काय करतो? कोवळा ऊस घेत नाही. नाकारलेला ऊस गुऱ्हाळावर जातो, गूळ होतो, फारसे बिघडत नाही. महाविद्यालयाला उताऱ्यावर पैसा मिळू लागला म्हणजे तेही कोवळा ऊस नाकारू लागते. बारावीस पंचेचाळीस टक्के मिळालेली, घरात पहिलीच महाविद्यालयाची पायरी चढणारी, सकाळी वैरण टाकून एसटीने येणारी मुलगी निकालाच्या दृष्टीने कच्चाच माल. तिला प्रवेश न देणे हा श्रेणी वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आणि नाकारलेली मुलगी कोठे जाते? तिचे लग्न होते.

पुण्याच्या महाविद्यालयाला ही अडचण नाही. त्याच्या दारी पक्व ऊस आपल्या पायांनी चालत येतो. म्हणजे श्रेणी त्याची, निधी त्याचा, आणि निधीमुळे पुढची श्रेणीही त्याचीच. पाटाच्या मुखाशी असलेल्या शेताला पाणी, आणि शेपटाशी असलेल्याला उपदेश.

त्या प्रदेशाची गरज हा हंटर आयोगाचा शब्दप्रयोग आपल्याकडे केवळ कागदावर राहिला नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय काढले. तोवर पलूस, तासगाव, वाळव्याकडील मुलास पदवीसाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागे. दर्जाच पाहावयाचा असता तर पुण्यात फर्ग्युसन होतेच. १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ झाले तेही ह्याच न्यायाने. कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या तीन जिल्ह्यांतील गावोगावच्या मुली जितक्या पदवीधर झाल्या, त्यांतील बहुसंख्य महाविद्यालय संध्याकाळी घरी परतण्याच्या अंतरावर होते म्हणून झाल्या.

आणि पलूसचा विषय निघालाच आहे, तर त्या गावाचे नाव मिरविणाऱ्या एका संस्थापकाची आठवण अप्रस्तुत होणार नाही. पंडित विष्णु दिगंबर यांचे घराणे मूळचे गाडगीळ. पलूसचे म्हणून पलूसकर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा एका संस्थानिकाच्या पदरी न राहता मैफली आणि लोकांच्या देणग्या ह्यांवर ते चालविले, गरीब शिष्यांना जेवूखाऊ घालून वर्षानुवर्षे शिकविले. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली, इमारत उभी राहिली, आणि पुढे कर्जापायी हातची गेलीही. त्या वर्षी एखादी समिती तपासणीस आली असती, तर तिने काय लिहिले असते? इमारत नाही, शिल्लक नाही, कोणत्याही विद्यापीठाची पदवी नाही. १९३१ साली पंडितजी मिरजेस वारले. पुढच्याच वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले; ओंकारनाथ ठाकूर १९५० साली काशी हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले; आणि शिष्यांनी स्थापिलेल्या मंडळाच्या परीक्षांना आजही देशभर मुले बसतात. पेरणीच्या वर्षीच कापणी मोजावयाची, तर ह्यांतले काहीच हिशेबात आले नसते.

ह्यावर कोणी म्हणेल, मग मोजूच नये काय? मोजावे, पण मोजमाप संस्थेला दुरुस्त करण्यासाठी असावे, उपाशी मारण्यासाठी नव्हे. ज्या महाविद्यालयाची श्रेणी घसरली, तेथे प्रथम विचारावे की मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती. राज्यात प्राध्यापकांची पदे मोठ्या संख्येने रिक्त आहेत आणि ठिकठिकाणी तासिका तत्त्वावर काम चालते. ज्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसते, त्याच्याकडून संशोधनाचे गुण मागणे म्हणजे बैल न देता नांगरटीचा जाब विचारणे होय. जागा सरकारने भरावयाच्या, त्या न भरता श्रेणीचा दोष महाविद्यालयाच्या पदरी घालावयाचा, हा कोठला हिशेब?

घरी वाद चालला असेल तर अक्षराकडे पाहून तो मिटवू नये. मूल्यांकन झालेल्या महाविद्यालयाचा स्वयंमूल्यमापन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येतो. तो जाड असतो आणि त्याची भाषा रुक्ष असते. पण दुसऱ्या निकषात मंजूर पदांच्या मानाने पूर्णवेळ अध्यापक किती, हा आकडा दिलेला असतो. आधी तो पाहावा. मग मुलीला ज्या विषयात पदवी घ्यावयाची त्या विषयास कायम अध्यापक आहे की नाही, हे महाविद्यालयात जाऊन विचारावे, ग्रंथालय दुपारी चारनंतर उघडे असते काय ते पाहावे, आणि गतवर्षीच्या दोन-तीन मुलींना गाठून, प्रयोग स्वतःच्या हातांनी केले की वहीत उतरवून घेतले, एवढे विचारावे. पुण्याच्या महाविद्यालयातही हेच विचारावे. तेथे दोन अधिकचिन्हे आहेत म्हणून संकोच करू नये.