शेवटाने उत्तर द्यायचे ते कोणत्या प्रश्नाला?

गुन्हेगारीपटाच्या पहिल्या आणि शेवटच्या दृश्याबद्दल एक समज घट्ट रुजला आहे. पहिल्या दृश्याने प्रेक्षकाला खुर्चीत खिळवायचे, शेवटच्याने खुन्याचे नाव सांगून त्याला मोकळे करायचे. खरा चित्रपट काय तो मधल्या दोन तासांत. खुनी सापडलाच नाही तर चित्रपट अपुरा राहिला, ही तक्रारही याच समजातून येते. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा २००३ चा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ तपासला, तर हा समज आणि ही तक्रार दोन्ही टिकत नाहीत.

शेवटावर सगळी भिस्त ठेवण्याची सवय जुनी आहे. १९३२ च्या ‘स्कारफेस’मध्ये टोळीबाजाचे उदात्तीकरण होते, असा आक्षेप अमेरिकेतील सेन्सॉरने घेतला. तेव्हा त्याला न्यायालयात उभे करून फासावर चढवणारा पर्यायी शेवट चित्रित झाला. मुख्य नट पॉल म्यूनी त्या चित्रीकरणात नव्हताच. शेवट बदलला की प्रेक्षकाचे मत बदलते, हे त्यामागचे गृहीतक. पण जो माणूस पहिल्या रिळापासून पडदा व्यापून आहे, त्याच्याविषयीचे मत नंतर चिकटवलेल्या फाशीने पुसले जात नाही. शेवटाला वजन येते ते आरंभाने काय पेरले आहे त्यावरून.

‘मेमरीज ऑफ मर्डर’ला ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या दहा स्त्रियांच्या खुनांचा आधार आहे. चित्रपट उघडतो तो पिकलेल्या भातशेतात, लख्ख उन्हात. पार्क दू-मान हा स्थानिक पोलीस शेताकडेच्या गटारात वाकून पाहतो. आत हातपाय बांधलेल्या स्त्रीचे प्रेत आहे. वर बसलेला एक लहान मुलगा त्याच्या प्रत्येक शब्दाची आणि हावभावाची नक्कल करतो. पार्क त्याला हुसकावू पाहतो, पण त्याने काही पाहिले का, असे विचारत नाही.

हे दृश्य केवळ वातावरणनिर्मितीचे आहे, असे म्हणणारे त्यातला नेमका मुद्दा सोडतात. गुन्हा डोळ्यांसमोर आहे, पाहणाराही आहे. पाहायचे कसे, हे मात्र त्याला ठाऊक नाही. चित्रपटाचा प्रश्न इथेच ठरतो. पुढे पार्क छातीठोकपणे सांगतो, की आपण नुसत्या चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखतो. त्याचा वरिष्ठ ठाण्यात बसलेल्या दोन तरुणांकडे बोट दाखवतो: एक बलात्काराचा आरोपी, दुसरा पीडितेचा भाऊ, कोण कोणता ते सांग. उत्तर प्रेक्षकाला कधीच कळत नाही, पण तोही मनातल्या मनात अंदाज बांधून बसतो. मधल्या भागात याच खात्रीचे परिणाम दिसतात. पुराव्याचा पायठसा ट्रॅक्टरखाली जातो, कबुलीजबाब मारहाणीने मिळवले जातात आणि ज्याने खून प्रत्यक्ष पाहिला तो मतिमंद तरुण साक्षीदार न ठरता संशयित ठरतो.

शेवटचे दृश्य २००३ मधले. पोलिसाची नोकरी सोडून विक्रेता झालेला पार्क वाटेत त्याच गटारापाशी थांबतो आणि पुन्हा आत वाकतो. आता आत काहीच नाही. एक शाळकरी मुलगी त्याला सांगते, की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच डोकावला होता. फार पूर्वी इथे केलेले काहीतरी आठवल्याचे तो म्हणाला होता. तो दिसायला कसा होता, असे पार्क विचारतो. साधा, चारचौघांसारखा, एवढेच ती सांगते. पार्क सरळ कॅमेऱ्यात पाहतो.

यावरचा पहिला आक्षेप असा, की रहस्य उलगडतच नाही. पण खुनी कोण हा पोलिसांचा प्रश्न होता. पहिल्या दृश्याने प्रेक्षकापुढे ठेवलेला प्रश्न पाहण्याविषयीचा होता आणि त्याचे उत्तर मिळते. चेहरा काहीही सांगत नाही. शिवाय पहिल्या दृश्यात ज्याला विचारले गेले नाही त्या मुलाच्या जागी आता मुलगी आहे, आणि या वेळी पार्क तिला विचारतो. ठिकाण तेच ठेवल्यामुळेच माणसातला हा फरक दिसतो. म्हणून या पुनरावृत्तीला नुसती सजावट म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. २०१९ मध्ये डीएनएच्या आधारे ली चुन-जे याची ओळख पटली; दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. त्यामुळे तो शेवट आता शिळा झाला, असे म्हटले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. ओळख पटली ती प्रयोगशाळेत, चेहरा पाहून नव्हे. यांपैकी एका खुनासाठी सुमारे २० वर्षे तुरुंगात काढलेला भलताच माणूस २०२० मध्ये निर्दोष ठरला. खात्रीने पाहणाऱ्यांची चूक किती महागात पडते, हे चित्रपटाचे म्हणणे त्यामुळे अधिकच पक्के झाले.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. खरा गुन्हेगार चित्रपट पाहायला येईल आणि पार्कची नजर त्याला भिडेल, ही कल्पना बाँग यांनी बोलून दाखवली होती. लीने मात्र न्यायालयात सांगितले, की तुरुंगात हा चित्रपट पाहिला, पण विशेष काही वाटले नाही. त्या अर्थाने नेम चुकला. पण ती नजर एकट्या गुन्हेगारावर रोखलेली नाही. संशयितांचे चेहरे पाहून दोन तास निवाडे करणारा प्रत्येक प्रेक्षक तिच्या टप्प्यात येतो.

मधल्या भागाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. चुकलेल्या निवाड्यांची मालिका मध्ये नसती, तर कॅमेऱ्यात पाहणे ही नुसती चमत्कृती ठरली असती. पण त्या घटनांचा अर्थ कोणत्या प्रश्नाशी जोडायचा, हे पहिले दृश्य ठरवते आणि त्या उत्तराची जबाबदारी कोणावर, हे शेवटचे. म्हणून गुन्हेगारीपटाच्या शेवटाची कसोटी खुनी सापडला की नाही ही असू शकत नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाशी तो शेवट किती प्रामाणिक राहिला, हीच ती कसोटी.