कामगार मागवताना त्याचं कुटुंबही मोजा

प्रति,
मा. उद्योगमंत्री आणि मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य;
मा. विभागीय आयुक्त आणि मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर;
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड;
तसेच वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन येथील कारखान्यांचे व्यवस्थापन.

विषय : बिडकीन औद्योगिक क्षेत्रात नवे कारखाने सुरू होण्याआधी कामगारांच्या कुटुंबांसाठी भाड्याची घरं, पाळणाघरं आणि शाळा उभारण्याबाबत.

महोदय,

31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने बिडकीनमध्ये मोटारींचा कारखाना उभारण्याचा करार राज्य सरकारशी केला, तेव्हा आपल्या शहरात पेढे वाटले गेले. आनंद व्हावा अशीच ती बातमी होती. दुष्काळाने पिचलेल्या मराठवाड्याच्या दारात सुमारे 20 हजार कोटींची गुंतवणूक येणं ही लहान गोष्ट नाही. त्याआधी शेंद्र्यात स्कोडा आली, कोरियाची ह्योसंग आली, बिडकीनमध्ये एथरने जागा घेतली. दर वेळी आम्हाला आकडे सांगितले गेले : इतके कोटी, इतके एकर, इतके रोजगार. यापैकी किती जणांना बायको-मुलांसह इथे राहता येईल, हा आकडा मात्र एकदाही कुणी सांगितला नाही. तो विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीची सुरुवातीची वर्षं हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेली आणि पुढची वाळूज परिसरात. त्यामुळे माणसं जिथून निघतात ते गाव आणि जिथे येऊन पडतात ती वस्ती, या दोन्ही ठिकाणची लेकरं माझ्या हाताखाली शिकली.

गावाकडच्या वर्गात अशी बरीच मुलं असत, ज्यांचे आईवडील वाळूजला, चाकणला नाहीतर उसाच्या फडावर असत. मुलं आजी-आजोबांपाशी. पालकसभेला आजी येई, प्रगतिपत्रकावर अंगठा देई आणि ‘बाई, तुम्हीच बघा आता’ म्हणून निघून जाई. तिसरीतल्या एका मुलाला मी म्हटलं, पप्पांना फोन लावून देते, बोल. तो म्हणाला, “आता नका लावू बाई. पप्पाची या हप्त्यात सेकंड हाय. फोन गेटवर जमा असतो.” त्याला पाढे येत नव्हते, पण बापाच्या पाळ्या पाठ होत्या : फर्स्ट असली की संध्याकाळी फोन, सेकंड असली की नाही, नाइट असली की सकाळी शाळेच्या आधी. त्याने आपलं बालपण कारखान्याच्या वेळापत्रकाला जोडून घेतलं होतं.

पुढे वाळूजला आले आणि दुसरी बाजू दिसली. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर या गावांत खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. शाळेत न येणाऱ्या मुलांचा शोध घेताना मी त्यांतल्या अनेक खोल्यांत गेले. दहा बाय दहाची खोली, वर पत्रे, रांगेला मिळून एक संडास, पाण्याला टँकर. अशा एका खोलीत भिंतीवर ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाची पिशवी. जितक्या पिशव्या तितकी माणसं. सगळी एका वेळी तिथे मावणारच नव्हती. दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे येऊन त्याच अंथरुणावर झोपत. त्यांतला एक बिहारचा तरुण मला म्हणाला, “मैडम, फॅमिली को लाऊँ तो रखूँ कहाँ?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते तुमच्याजवळ आहे.

ज्या बायकांनी धीर करून लेकरं आणली, त्यांची तऱ्हा वेगळी. पॅकिंगच्या कामाला जाणारी एक आई मोठ्या मुलीला शाळेत पाठवत नव्हती, कारण धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी रागावले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बाई, काम सोडलं तं खायचं काय? अन् हिला शाळेत धाडलं तं लेकरू ठिवायचं कुणापाशी?” दोन वर्षांच्या भावापायी नऊ वर्षांच्या बहिणीची शाळा सुटली. आम्ही तिचं नाव ‘शाळाबाह्य’ या रकान्यात लिहिलं. खरं तर त्या रकान्यात पाळणाघर नसलेल्या कारखान्याचं नाव यायला हवं होतं.

हे आपोआप घडलेलं नाही. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती शेकडो पूरक उद्योग उभे राहिले. कायम नोकरीतल्या कामगारांना बजाजनगरात, सिडकोच्या वाळूज महानगरात घर बांधता आलं. त्यांची मुलं शिकली, काही आज परदेशात आहेत. त्या पिढीने या शहराचा मध्यमवर्ग घडवला. पण नंतरची भरती ठेकेदारामार्फत होऊ लागली. ठेकेदारीतल्या माणसाला आज काम आहे, सहा महिन्यांनी असेलच असं नाही, मग बँक कर्ज कशाच्या जोरावर देणार? तो आजूबाजूच्या गावांतल्या खोल्यांत गेला. पाणी, गटार, कचरा, शाळा हा सगळा भार त्या ग्रामपंचायतींवर पडला. उत्पादन जगाच्या बाजारात गेलं. ते करणाऱ्याचं घर मात्र दोन जिल्ह्यांत, दोन राज्यांत विभागलं गेलं.

या विभागणीची किंमत आपल्या जिल्ह्याने दोनदा उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. 7 सप्टेंबर 2019 रोजी शेंद्र्यात, शेंद्रा-बिडकीनच्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीच्या ऑरिक हॉलचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर आठ महिन्यांनी, 8 मे 2020 च्या पहाटे, शेंद्र्याच्या शेजारच्याच करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडलं. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. टाळेबंदीत काम थांबलं, तेव्हा घरी जाण्यासाठी रेल्वे मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचं छायाचित्र देशाने पाहिलं. दुसरी घटना 31 डिसेंबर 2023 ची. वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि सहा कामगार गेले. ते आत झोपलेले होते, कारण कारखाना हेच त्यांचं राहण्याचं ठिकाण होतं. या 22 जणांना राहायला नीट घर आणि जवळ आपलं माणूस असतं, तर त्यांतला कुणी रुळावर किंवा यंत्राशेजारी कशाला झोपला असता?

कायद्याचं म्हणाल तर तोही आक्रसत चालला आहे. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने कामगाराला विस्थापनभत्ता द्यावा, प्रवासभत्ता द्यावा, राहण्याची योग्य सोय करावी, असं लिहिलेलं होतं. अंमलबजावणी झाली नाही, हा भाग वेगळा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत गावी जाण्याचा प्रवासभत्ता राहिला, विस्थापनभत्ता गेला. आणि हिंगोलीहून वाळूजला येणारा माणूस राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून त्याची तर या तरतुदींत कधी गणतीच झाली नाही. पाळणाघराची अट पन्नास कामगारांच्या आस्थापनांना आहे. पण एकाच छपराखाली तीन ठेकेदारांच्या नावे तीन हजेरीपट ठेवले की अट कुणालाच लागत नाही, हे तुमच्या निरीक्षकांनाही ठाऊक आहे.

आता जरा दुसरीकडे पाहा. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या शहरातली मुलं-मुली जर्मन शिकू लागली. आईबाप म्हणून आपण काय विचारतो? भाषेचा खर्च कोण करणार, पोर राहणार कुठे, आजारी पडलं तर कोण बघेल, लग्न झाल्यावर जोडीदाराला नेता येईल का. हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ज्यांची माणसं सौदीत, दुबईत आहेत त्या घरांनाही हेच प्रश्न जन्मभर छळतात, कारण तिथे ठरावीक पगाराखाली कुटुंबाचा व्हिसाच मिळत नाही. परदेशातून भारतात येणारा पैसा 2022 साली 100 अब्ज डॉलरच्या वर गेला, त्याचा आपण अभिमान बाळगतो. त्या पैशामागे किती मुलांनी बाप फक्त सुट्टीत पाहिला, त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही.

त्याच जर्मनीने एक धडा महागात शिकला आहे. 1961 मध्ये तिने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, ते दोन-दोन वर्षांनी परत जातील अशा हिशेबाने. मुलांच्या शाळांचा, भाषेचा, घरांचा विचार केला नाही. 1973 मध्ये भरती थांबवली, तेव्हा अनेक लोक परत जाण्याऐवजी कुटुंबं घेऊन आले. अनेक मुलांचं शिक्षण त्यात मागे पडलं आणि ती दरी बुजवायला पुढच्या पिढ्या लागल्या. आपण बिडकीनमध्ये नेमकी हीच चूक करायला निघालो आहोत, फरक इतकाच की इथे येणारा माणूस आपल्याच देशाचा नागरिक आहे.

‘कामगारालाच कुटुंब आणायचं नसतं’ असं मला अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे. काहींना नसेलही, गावी शेती असते, म्हातारे आईवडील असतात. पण ज्याला आणायचं आहे त्याला आणता येत नाही, तोवर याला त्याची इच्छा म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा : इतक्या अटी घातल्या तर उद्योग दुसऱ्या राज्यात जातील. तर याच कंपन्यांचे अधिकारी तक्रार करतात की माणूस टिकत नाही, छठला नाहीतर होळीला गेला की परत येत नाही, नव्याला पुन्हा शिकवावं लागतं. ज्याचं घर, बायको-मुलं इथे आहेत तो टिकतो. हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्यांच्याजवळ ना 20 हजार कोटी होते ना सरकारी महामंडळ. तरी कारखान्याबरोबर त्यांनी कामगारांची वसाहत उभी केली. ती किर्लोस्करवाडी. त्यांचंच आडनाव मिरवणारी कंपनी आज बिडकीनला येते आहे. तिच्याकडून ही अपेक्षा ठेवणं जास्त नाही.

आणि हे शहर तरी कुणी वसवलं? 1610 मध्ये खडकी या नावाने ते वसवणारा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता. त्याने नहरीचं पाणी आणलं, तेव्हा वस्ती फुलली. सोय केली तरच वस्ती फुलते, ही या मातीचीच शिकवण आहे.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

पहिली : ऑरिकच्या आराखड्यात सुमारे 40 टक्के जमीन निवासी, व्यापारी आणि सार्वजनिक वापरासाठी आहे. तिचा ठरावीक हिस्सा ठेकेदारीतल्या कामगारांच्या कुटुंबांसाठी भाड्याच्या घरांना राखून ठेवा. विकायची घरं त्यांच्या कामाची नाहीत. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना केंद्राने 2020 मध्ये आणलेली आहे. तो मार्ग माहीत असलेलाच आहे.

दुसरी : प्रत्येक कारखान्याने वेगळं काढण्याऐवजी परिसरात सामाईक पाळणाघरं काढा आणि त्यांची वेळ पाळीप्रमाणे ठेवा. दहा ते पाच चालणारं पाळणाघर सेकंडच्या आईला उपयोगी नाही. कामगार मोजताना ठेकेदारांच्या हजेरीपटांची बेरीज करा.

तिसरी : वसाहतीलगतच्या शाळांत वर्षभर प्रवेश द्या. टीसी आली नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही, हे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. हिंदी बोलत येणाऱ्या मुलांना मराठी शिकवायला प्रत्येक शाळेत एक तरी मदतनीस द्या. ती मुलं चार-सहा महिन्यांत खेळता खेळता मराठी बोलतात, फक्त तोवर त्यांचा हात धरणारं कुणी हवं.

चौथी : कारखान्यात माणसं झोपवण्याची पद्धत बंद करा. त्यासाठी रात्रीची तपासणी करा. दिवसा काही सापडत नाही.

पाचवी : गावी जाण्याचा भत्ता आणि सणाची रजा ठेकेदारीतल्या कामगारालाही मिळते की नाही, याची नोंद दर वर्षी जाहीर करा. मराठवाड्यातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्यांनाही हा भत्ता आणि ही रजा लागू करा.

वाळूजमध्ये जे राहून गेलं ते दुरुस्त करायला आता जागाही उरलेली नाही. बिडकीनमध्ये काही जमीन अजून मोकळी आहे, काही भूखंडांचे करार अजून व्हायचे आहेत, आणि अटी घालण्याचा अधिकार आज तुमच्या हातात आहे. कारखाने चालू झाल्यावर तो राहणार नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक भूखंडाच्या करारात कुटुंबांच्या घरांची आणि पाळणाघराची अट लिहा, आणि तो करार नागरिकांना वाचायला खुला ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वाळूज परिसर, छत्रपती संभाजीनगर